विश्लेषण : गाडीच्या रिमला घरी दिलेला रंग सहा महिन्यांत का निघतो? तो टिकवायचा कसा?

फवाऱ्याचा डबा हलवायला दोन मिनिटे लागतात, रिम तयार करायला पूर्ण दिवस. टिकाऊपणा ठरतो तो त्या दिवसावर. चाकाचा काही भाग तर चुकूनही रंगवायचा नसतो.

खंडेनवमीला गाडी धुवायला काढली आणि प्लास्टिकचे व्हील कव्हर खेचून बाजूला केले की पावसाळ्याने रिमचे काय केले ते दिसते. नटांभोवती तांबूस कडी, काठाला रंगाचे फुगलेले पोपडे आणि व्हॉल्व्हपाशी गंजाचे ओघळ. मग हार्डवेअरच्या दुकानातून चंदेरी रंगाचा डबा येतो, अर्ध्या तासात चारही चाके चकचकीत होतात आणि दसऱ्याला झेंडूच्या हारासह गाडीची पूजाही होते. गुढीपाडव्यापर्यंत मात्र तोच रंग सालपटासारखा सुटू लागतो. प्रस्तुत लेखकाने आपल्या जुन्या हॅचबॅकवर हा प्रयोग लागोपाठ दोन वर्षे केला आणि दोन्ही वेळा दोष डब्याला दिला. चूक डबा उघडण्याच्या आधीच झालेली होती.

रिमचा रंग हा केवळ दिसण्याचा प्रश्न नाही. टायर जिथे रिमला घट्ट बसतो तिथे गंज शिरला तर हवा हळूहळू निघते. आणि नको त्या जागी रंग बसला तर चाकाचे नट सैल होऊ शकतात. त्यामुळे हे काम घरी करायचे असेल तर त्यामागचे ‘का’ समजून घेतलेले बरे.

रंग निघतो का?

गाडीच्या रंगवलेल्या भागांपैकी सर्वाधिक मार चाके खातात. उडणारी खडी, चिखल, खड्ड्यातले पाणी आणि ब्रेक लावताना निघणारी धूळ यांना त्यांना सतत तोंड द्यावे लागते. ब्रेकची काळी धूळ म्हणजे साधी माती नव्हे. त्यात ब्रेक पॅड आणि डिस्क झिजून निघालेले लोखंडाचे गरम कण असतात. ते रंगाच्या थरावर चिकटतात आणि ओल लागली की तिथेच गंजतात.

कारखान्यात स्टीलच्या रिमला आधी रासायनिक द्रावणातून काढतात, मग विजेच्या साहाय्याने अस्तराच्या टाकीत बुडवतात आणि भट्टीत भाजतात. त्यामुळे अस्तर कानाकोपऱ्यात पोहोचते आणि कडक होते. घरी ना टाकी असते ना भट्टी. ही उणीव तीनच गोष्टींनी भरून काढता येते : स्वच्छता, नीट घासकाम आणि वाळण्यासाठी दिलेला वेळ.

गंज हा मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. रंगाखाली थोडा जरी गंज राहिला तरी तो फुगतो आणि वरचा थर उचलतो. शिवाय गंज सच्छिद्र असल्याने पाणी आणि मीठ धरून ठेवतो. म्हणूनच किनारपट्टीवरच्या गाड्यांत, खाऱ्या हवेमुळे, ही प्रक्रिया अधिक वेगाने होते. गंजावर थेट रंग मारणे म्हणजे ओल आलेल्या भिंतीला डिस्टेंपर लावणे. वरून कितीही चांगला थर द्या, पोपडा आतून सुटतो.

आपली रिम कोणत्या धातूची?

फ्रिजवरचा लोहचुंबक रिमला लावून पाहा. चिकटला तर रिम स्टीलची आहे. बहुतेक गाड्यांच्या सुरुवातीच्या किमतीच्या प्रकारांत स्टीलची रिम आणि वर प्लास्टिकचे कव्हर असते. घरी रंगवायला सर्वात सोपी आणि चुका पोटात घालणारी रिम हीच.

चुंबक चिकटला नाही तर ती अलॉय, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची. ॲल्युमिनियमला तांबडा गंज चढत नाही. त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ, घट्ट थर आपोआप तयार होतो आणि तोच धातूचे रक्षण करतो. पण क्लिअर कोटला खडी लागून टवका उडाला की ओल आणि मीठ आत शिरतात आणि थराखाली पांढुरक्या, केसासारख्या रेषा पसरत जातात. ऑक्साइडच्या या गुळगुळीत थरावर साधा रंग नीट धरत नाही, म्हणून उघड्या ॲल्युमिनियमला वेगळे अस्तर लागते.

तिसरा प्रकार ‘डायमंड कट’. यात रिमचा दर्शनी भाग लेथवर कापून चकाकता ठेवलेला असतो आणि त्यावर फक्त पारदर्शक थर असतो. या भागावर पॉलिश पेपर फिरवला की ती चकाकी गेलीच. ती परत आणायला लेथच लागतो. अशी रिम घरी पूर्ण एका रंगात रंगवता येते, पण मूळ रूप परत मिळणार नाही हे मान्य करूनच हात घालावा.

कोणती रिम रंगवूच नये?

तडा गेलेली, वाकलेली किंवा वारंवार हवा सोडणारी रिम आधी टायरवाल्याला दाखवावी. खड्ड्यात जोरात आदळलेल्या अलॉय रिमला आतल्या काठावर केसाएवढा तडा जाऊ शकतो. तो बाहेरून दिसत नाही आणि त्यावर रंग चढला की पुढच्या वेळी चाक पाहणाऱ्या मेकॅनिकलाही दिसत नाही. चाक काढल्यावर धुऊन, उजेडात धरून दोन्ही बाजू पाहाव्यात. शंका वाटल्यास टायरमध्ये हवा ठेवून काठाला साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे आले तर रंगाचे काम तिथेच थांबवावे.

स्टीलच्या रिमवर गंज वरवरचा असेल तर चिंता नाही. पण तारेच्या ब्रशने घासताना पापुद्रे निघून खोल खड्डे दिसू लागले, किंवा नटांच्या छिद्रांभोवतीचा पत्रा पातळ झाला असेल, तर ती रिम बदलणेच शहाणपणाचे.

काम कोणत्या दिवसांत करावे?

पाऊस पूर्ण ओसरल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. दमट हवेत रंगातला थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर हवेतली वाफ जमते आणि रंग दुधाळ, फिकट होतो. धातूवर थर देणाऱ्या व्यवसायात साधारण नियम असा की हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांपेक्षा कमी हवी आणि धातूचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी जास्त हवे. घरगुती भाषेत सांगायचे तर पहाटे दव असताना किंवा पावसाळी संध्याकाळी डबा उघडू नये. सकाळी दहा ते दुपारी तीन ही वेळ बरी.

मात्र मे महिन्याच्या उन्हात तापलेल्या रिमवर फवारणेही तितकेच वाईट. रंग धातूवर पसरण्याआधीच सुकतो आणि पृष्ठभाग खरखरीत राहतो. हाताला कोमट लागेल इतपत रिम ठीक, चटका बसत असेल तर सावलीत ठेवून थांबावे.

जागाही विचारपूर्वक निवडावी. सोसायटीच्या पार्किंगमध्ये उडालेला रंग शेजारच्या गाडीवर बारीक कणांच्या रूपात बसतो आणि मग संबंध बिघडतात. चाक लिफ्टने गच्चीवर नेणे कधीही चांगले. गॅसची शेगडी, उदबत्ती, विडी-सिगारेट यांपासून दूर, मोकळ्या हवेत काम करावे. फवाऱ्यातला वायू आणि थिनर दोन्ही पेट घेतात.

चाक काढताना काय पाहावे?

गाडी सपाट, टणक जमिनीवर उभी करून हँडब्रेक ओढावा, गिअर टाकावा आणि तिरक्या बाजूच्या चाकाला पुढे-मागे दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत. गाडी उचलण्यापूर्वीच नट अर्धा फेरा सैल करावेत. गाडीसोबत आलेला जॅक चाक बदलण्यापुरता असतो, त्यावर गाडी रात्रभर ठेवू नये. चाकाशिवाय गाडी उभी ठेवायची असेल तर जॅक स्टँड हवाच.

सर्वात सोपा मार्ग स्टेपनीचा. स्टेपनी इतर चाकांच्याच मापाची असेल तर पहिल्यांदा तीच रंगवावी. हात बसतो आणि चुकले तरी ती डिकीतच राहते. पुढच्या आठवड्यात ती एका चाकाच्या जागी लावून ते चाक रंगवायला घ्यावे. असे एकेक चाक पुढे सरकत जाते आणि गाडी एक दिवसही अडकत नाही. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर ते चाक त्याच बाजूला लावावे. स्टेपनी लहान मापाची आणि तिच्यावर ताशी ८० किलोमीटरच्या मर्यादेची सूचना असेल, तर ती तात्पुरत्या वापरासाठी आहे. आठवडाभर तिच्यावर गाडी चालवू नये.

धुण्याला इतके महत्त्व का?

रंगाचा सर्वात मोठा शत्रू गंज नसून तेलकटपणा आहे, कारण तो दिसत नाही. सर्व्हिसिंगच्या वेळी खालून मारलेले डिझेल किंवा तेल, बेअरिंगचे ग्रीस आणि विशेषतः टायर काळे चमकवण्याचे पॉलिश रिमवर पातळ थर करून बसलेले असते. अशा अनेक पॉलिशमध्ये सिलिकॉन असते. त्यावर रंग फवारला की तो जागोजागी मागे सरतो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी धुणे, मग घासणे. उलट केले तर पॉलिश पेपर तेच तेल धातूच्या ओरखड्यांत दाबून बसवतो. प्रथम भांड्याच्या द्रव साबणाने आणि जुन्या टूथब्रशने दोन्ही बाजू धुवाव्यात, टायरची भिंतही. डांबराचे ठिपके मिनरल टर्पेंटाइनने काढावेत. ब्रेकच्या धुळीचे घट्ट डाग असतील तर ‘आयर्न रिमूव्हर’ मिळतो, तो लोखंडाच्या कणांशी संयोग पावून जांभळा होतो. तीव्र ॲसिडचे क्लीनर मात्र टाळावेत, बाथरूमचे ॲसिड तर मुळीच नको.

रॉकेल किंवा पेट्रोलने पुसण्याची सवय अनेक गॅरेजांत दिसते. रॉकेल मागे तेलकट थर ठेवते आणि पेट्रोल आगीला निमंत्रण देते. शेवटचा हात आयसोप्रोपिल अल्कोहोलचा असावा. एका कपड्याने ते लावायचे आणि उडून जाण्याआधी दुसऱ्या कोरड्या कपड्याने पुसून घ्यायचे. एकच कपडा फिरवत राहिलो तर तेल फक्त जागा बदलते.

स्वच्छता तपासण्याची एक खात्रीशीर युक्ती आहे. रिमवर साधे पाणी ओता. ते सलग पडद्यासारखे पसरले तर रिम स्वच्छ. थेंब गोळा होऊन ओघळू लागले तर अजून तेल शिल्लक आहे. ही चाचणी उत्तीर्ण होईपर्यंत पुढे जाऊ नये.

घासायचे किती आणि कशाने?

सैल गंज आणि पोपडे तारेच्या ब्रशने काढावेत. अलॉयवर लोखंडी तारेचा ब्रश वापरू नये. त्याचे कण मऊ धातूत रुततात आणि पुढे तिथेच गंजतात. मग ८० ते १२० नंबरच्या पॉलिश पेपरने गंज धातूची चमक दिसेपर्यंत काढावा. उघडा धातू आणि शाबूत रंग यांची सीमा २२० ते ३२० नंबरने अशी उतरती करावी की बोट फिरवल्यावर पायरी जाणवू नये. पायरी राहिली तर ती रंगाखालूनही दिसते आणि सोलवटण्याची सुरुवात तिथूनच होते.

जुना रंग घट्ट असेल तर तो पूर्ण काढण्याची गरज नाही. कारखान्यात भाजलेल्या त्या थराइतके चांगले अस्तर घरी मिळणार नाही. ३२० नंबरने घासून त्याची चकाकी घालवली की पुरे. नवा रंग धरतो तो या बारीक ओरखड्यांच्या आधारावर. कोपरे, छिद्रांचे काठ आणि आऱ्यांच्या बगला इथे हात कमी पोहोचतो. रंग आधी निघतो तोही नेमका इथूनच.

खोल खड्ड्यांत गंज उरलाच तर ‘रस्ट कन्व्हर्टर’ लावता येतो. तो गंजाशी रासायनिक संयोग पावून काळसर, स्थिर थर तयार करतो. पण तो घासण्याला पर्याय नाही. लांबी भरण्याचा मोहही आवरावा. एखाद्या ओरखड्यापुरती पातळ लांबी चालते, जाड थर मात्र धक्क्यांनी तडकून पडतो.

घासून झाल्यावर पुन्हा अल्कोहोलने पुसावे आणि त्यानंतर उघडा हात लावू नये, बोटांचे तेलही पुरेसे असते. उघडे पडलेले स्टील दमट हवेत काही तासांत पुन्हा तांबूस होते. त्यामुळे घासकाम आणि अस्तर एकाच दिवशी व्हायला हवे.

कोणता भाग झाकायचा?

टायर काढून काम करता आले तर उत्तम. म्हणूनच टायर बदलायच्या वेळीच रिम रंगवून घेणे सोयीचे ठरते. टायर तसाच ठेवायचा असेल तर थोडी हवा कमी करून रिम आणि टायरच्या फटीत जुने पत्ते किंवा लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्याचे तुकडे एकावर एक चढवून गोलाकार खोचावेत. बाकी टायर वर्तमानपत्र आणि मास्किंग टेपने झाकावा. व्हॉल्व्हलाही टेप गुंडाळावी. बॅलन्सिंगची वजने काढू नयेत. निघालीच तर चाक पुन्हा बॅलन्स करून घ्यावे लागेल.

आता सर्वात महत्त्वाची गोष्ट. रिमची मागची सपाट बाजू, जी गाडीच्या हबला टेकते, मधले मोठे छिद्र आणि नट ज्या निमुळत्या खाचेत बसतात त्या खाचा, यांवर रंगाचा जाड थर नको. नट आवळल्यावर रिम आणि हब एकमेकांवर दाबले जातात आणि चाक या दाबावरच टिकून असते. मध्ये रंग असेल तर तो गाडी चालताना चिरडतो, थर पातळ होतो आणि आवळलेला ताण कमी होतो. लेखकाच्या दुसऱ्या प्रयोगात रंग उडालाच, शिवाय मागची बाजूही हौसेने दोन हात देऊन रंगवलेली असल्याने आठवड्याभरात नट पाव फेरा सैल मिळाले. ते वेळेत लक्षात आले म्हणून निभावले. या जागा टेपने झाकाव्यात, खाचांत कागदाचे बोळे बसवावेत.

डबा कोणता घ्यावा?

स्टीलसाठी झिंक फॉस्फेट किंवा रेड ऑक्साइडचे अस्तर चालते. ॲल्युमिनियम उघडे पडले असेल तर ‘एच प्रायमर’ घ्यावा. त्यातले सौम्य ॲसिड ऑक्साइडच्या थराला कुरतडून पकड निर्माण करते. अस्तर, रंग आणि क्लिअर शक्यतो एकाच कंपनीच्या एकाच मालिकेतले असावेत. वेगवेगळ्या थिनरचे थर एकमेकांवर आले की खालचा थर सुरकुततो.

‘चाक तापते म्हणून सायलेन्सरचा उष्णतारोधक रंग घ्या’ हा सल्ला सर्रास मिळतो. घाटात ब्रेकची डिस्क काही शे अंशांपर्यंत तापू शकते हे खरे, पण रिम तितकी तापत नाही. उलट सायलेन्सरसाठीचे बरेच रंग पूर्ण कडक होण्यासाठी उच्च तापमानावर भाजावे लागतात. चाकाला ती उष्णता कधीच मिळत नाही आणि रंग मऊ राहतो. ‘व्हील पेंट’ म्हणून मिळणारा रंग घेणे बरोबर.

टिकाऊपणात हार्डनर मिसळून वापरायचा दोन घटकांचा रंग, गॅरेजच्या भाषेत ‘पीयू’, साध्या डब्यापेक्षा निर्विवाद सरस आहे. पेट्रोल, ब्रेक ऑइल यांनाही तो दाद देत नाही. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. ते श्वासावाटे गेल्यास दमा जडू शकतो आणि एकदा शरीर त्याला संवेदनशील झाले की पुढे अल्प मात्राही त्रास देते. कोविडकाळातला कापडी किंवा एन-९५ मास्क त्यावर उपयोगाचा नाही. त्यामुळे हे काम योग्य उपकरणे असलेल्या पेंटरकडे सोपवावे. घरासाठी एक घटकाचा डबा पुरेसा आहे. मात्र त्यालाही चष्मा, हातमोजे आणि सेंद्रिय वाफ शोषणाऱ्या कार्ट्रिजचा मास्क हवाच.

चार रिम आणि स्टेपनीसाठी साधारण ४०० मिलिलिटरचे अस्तराचे दोन, रंगाचे तीन आणि क्लिअरचे दोन ते तीन डबे लागतात. रिमचा चंदेरी रंग आणि फवाऱ्याचा डबा यांचे नाते तसे जुने आहे. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातील एडवर्ड सेमूर यांनी १९४९ मध्ये रंग फवारणारा डबा तयार केला, तो घरातल्या रेडिएटरसाठीचा ॲल्युमिनियम रंग दाखवण्यासाठीच.

फवारण्याची पद्धत कोणती?

आतली गोळी खडखडू लागल्यावर डबा आणखी दोन मिनिटे हलवावा. चाक उलट्या बादलीवर आडवे ठेवावे म्हणजे ते फिरवता येते. डबा २० ते २५ सेंटिमीटर अंतरावर धरून हात सरळ रेषेत न्यावा. फवारा रिमच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवावा आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा यावा. एका जागी हात थांबला की ओघळ आलाच.

पहिला हात अगदी हलका द्यावा, खालचा धातू दिसत राहिला तरी चालेल. तोच पुढच्या थरांना धरून ठेवतो. अस्तराचे दोन हात, प्रत्येकात १० ते १५ मिनिटांचे अंतर. अस्तर पूर्ण सुकल्यावर, शक्यतो दुसऱ्या दिवशी, ६०० नंबरच्या वॉटर पेपरने हलके घासून, पुसून रंगाचे तीन पातळ हात द्यावेत. आधी काठ, छिद्रे आणि बगला, मग दर्शनी भाग. शेवटी क्लिअरचे दोन ते तीन हात. एका जाड थराऐवजी तीन पातळ थर देण्यामागे कारण आहे. जाड थराची वरची साय आधी सुकते आणि आत थिनर कोंडून राहतो. असा थर महिनाभर नखाने दबतो.

डब्यावरची बारीक अक्षरे जरूर वाचावीत. अनेक एनॅमल रंगांवर ‘पुढचा हात एका तासाच्या आत, नाहीतर ४८ तासांनंतर’ किंवा त्याहून लांबची मुदत लिहिलेली असते. मधल्या काळात खालचा थर अर्धवट कडक असतो आणि वरच्या थिनरने तो आकसतो. ओघळ आलाच तर ओला असताना बोट लावू नये. सुकल्यावर ६०० नंबरने घासून त्यावर हलका हात द्यावा.

वाळला म्हणजे तयार झाला का?

नाही, आणि बहुतेक घरगुती रंगकाम इथेच फसते. अर्ध्या तासात रंग हाताला लागत नाही, पण तो आतून कडक व्हायला साधारण आठवडा लागतो. सोपी खूण वासाची. नाक जवळ नेल्यावर थिनरचा वास येत असेल तर रंग अजून वाळतो आहे. मास्किंग टेप मात्र क्लिअरचा शेवटचा हात थोडा सुकताच, तिरकी ओढून काढावी. पूर्ण कडक झाल्यावर ओढली तर काठाचा रंग सोबत येतो.

घाई करून ब्लोलॅम्पने किंवा भट्टीत रिम तापवू नये. अलॉय रिमची ताकद कारखान्यात ठरावीक तापमानावर केलेल्या उष्णता-प्रक्रियेतून आलेली असते. अनियंत्रित उष्णतेने ती कमी होऊ शकते आणि हे डोळ्यांना दिसत नाही. याच कारणाने अलॉयला पावडर कोटिंग करून घेताना भट्टीचे तापमान आणि वेळ विचारून घ्यावी. हिवाळ्याच्या उन्हात ठेवलेले चाक मात्र छान वाळते.

चाक बसवताना काय करावे?

हब आणि रिमची टेकणारी बाजू तारेच्या ब्रशने साफ करावी. नट आधी हाताने बसवावेत, मग गाडी खाली घेऊन समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत. छोट्या गाड्यांत आवळण्याचा ताण साधारण ८५ ते १२० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. आपल्या गाडीचा नेमका आकडा मालकाच्या पुस्तिकेत मिळतो. पान्यावर उभे राहून आवळणे चूक आहे. टॉर्क पाना नसेल तर टायरवाल्याकडून तपासून घ्यावे. कमी केलेली हवा भरून घ्यावी आणि ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर नट पुन्हा तपासावेत. रंगकामानंतर ही तपासणी टाळू नये.

पुढचा महिनाभर साध्या पाण्याने आणि सौम्य साबणानेच चाके धुवावीत. प्रेशर पंपाचे तोंड काठाशी नेऊ नये आणि लांबवरून आल्यावर तापलेल्या चाकांवर थंड पाणी मारू नये. खडीचा टवका उडालेला दिसला तर त्याच आठवड्यात अल्कोहोलने पुसून बारीक ब्रशने अस्तर आणि रंगाचा थेंब लावावा. टवका नखाएवढा असतानाच बुजवला तर पुढच्या वर्षी पूर्ण रिम घासावी लागत नाही.

वेळेचे गणित कसे बसवावे?

एका चाकासाठी शनिवार-रविवार धरावा. शनिवारी धुणे, घासणे, झाकणे आणि अस्तर, रविवारी रंग आणि क्लिअर, मग आठवडाभर चाक गच्चीवर किंवा गॅलरीत वाळत. दसऱ्यानंतरच्या शनिवारी स्टेपनीपासून सुरुवात केली तर दिवाळीपर्यंत निम्मी गाडी आणि तुळशीच्या लग्नाच्या आसपास शेवटचे चाक हातात येते. पूजेच्या आदल्या दिवशीच चकाकी हवी असेल तर यंदा व्हील कव्हर नुसते धुऊन परत बसवावे आणि डबा पुढच्या शनिवारसाठी ठेवून द्यावा. तो गाडीत उन्हात मात्र ठेवू नये, ५० अंशांवर त्याचा स्फोट होऊ शकतो.